लॅपटॉप रुचिताचा, पसंती सर्वेशची

घरात एखादी मोठी वस्तू घ्यायची ठरली की अख्ख्या खानदानाला अक्कल फुटते. तुमच्याकडे पण हेच, आमच्याकडे पण हेच. मानपाड्याला महिपतच्या घरी लॅपटॉप घ्यायचा होता आणि अक्कल नुसती उतू चाललेली.

लॅपटॉप लागत होता रुचिताला. कल्याणच्या कॉलेजात बीएससी आयटीच्या पहिल्या वर्षाला होती. बापाचं मत पडलं, मोठ्या स्क्रीनचा घेऊ, सगळे मिळून पिक्चर बघू. आई विनिताचं मत, चंदेरी नको, डाग दिसतात. आणि धाकटा भाऊ सर्वेश, अकरावीतला, त्याने तर व्हिडीओ बघून मॉडेलच फिक्स केलेलं. गेमिंगचं. मागे लाल लाइट. वजन असं की बॅगेत टाकला तर बॅगेचा पट्टा आधी राजीनामा देईल. आणि चार्जर काढला की थोड्या वेळात मान टाकणार.

रुचिताचं मत? अहो, तिला कोणी विचारलंच नव्हतं!

ती मोबाईलवर प्रोग्राम लिहीत होती. तडा गेलेल्या स्क्रीनवर, अंगठ्याने. एक कंस चुकला की सगळं बोंबलायचं, आणि तो कंस नेमका तड्याखाली लपलेला. कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लागला तर लागला. मध्ये मैत्रीण ऋजुता कँटीनमध्ये तिचा लॅपटॉप द्यायची. मग एक दिवस ती खाली बघून बोलली, "सॉरी यार. मम्मी बोलली, कोणाला देऊ नको."

प्रोजेक्टची तारीख निघून गेली. मॅडमनी वाढवून दिली आणि सांगितलं, "सोमवारी नाही आणलंस तर प्रॅक्टिकलला बसता येणार नाही." म्हणजे वर्ष गेलं.

घरी येऊन तिने बापाला विचारलं, "पप्पा, रविवारी नक्की घेतोय ना?"

"घेतोय ना बाई! सर्वेशने फायनल केलाय."

"तो मला कॉलेजला नेता नाही येणार, पप्पा. आणि घरी हा गेम खेळत बसला तर मी कधी..."

"दोघांनी मिळून वापरा. आणि हे बघ, वस्तू घरात राहायला पाहिजे. तू काय, दोन-चार वर्षांत सासरी जाणार. हा इथेच आहे."

महिपत दुष्ट नव्हता हां. तिच्या ॲडमिशनच्या रांगेत उपाशीपोटी उभा राहिलेला तोच. पण बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याला कळलंपण नाही.

रुचिता भांडली नाही. इथेच खरी गडबड! भांडणारी पोरगी अजून आशेवर असते. ही गुपचूप शेजारच्या शालनताईकडे गेली. शालनताई शीळफाट्याला गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या कामाला होती.

"ताई, मला पण लावशील कामाला? सोमवारपासून."

"अगं, आणि कॉलेज?"

"मला नाही जमत." आणि पप्पा काय बोलले ते तिने शब्दन् शब्द सांगितलं.

शालनताईच्या पोटात राहिलं नाही. तिने काळुराममामाला फोन लावला. काळुराम म्हणजे विनिताचा भाऊ. मांडव-डेकोरेशनचा धंदा, आणि खोड्या काढण्यात डोंबिवलीत एक नंबर. सर्वेशच्या बारशाला पाळण्यात टोपडं घातलेला भोपळा ठेवून घरातल्या म्हातारीला त्याचा मुका घ्यायला लावणारा माणूस! त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच काही जोक केला नाही.

रविवारी सगळे डोंबिवली स्टेशनकडे निघाले. मामा पण चिकटला. "दाजी, आधी तुमचा चष्मा घेऊ. मग लॅपटॉप."

महिपतला चष्मा लागतच होता. कंपनीत लेबलवरचे आकडे चुकायला लागलेले, सुपरवायझर चार लोकांत ओरडलेला. दुकानात डोळे तपासून झाले, तसा मामा दुकानदाराला बोलला, "फ्रेम ह्या पोराला दाखवा. ह्याच्या तोंडाला बसेल अशी."

"अरे काळुराम, चष्मा मला लागतो!"

"माहितेय ना दाजी. पण वस्तू कशी, घरात राहायला पाहिजे. तुम्ही काय, थोड्या वर्षांत रिटायर होणार. पोरगा पुढे वापरेल. सर्वेश, कुठली आवडली रे?"

सर्वेश आरशासमोर काळी जाड फ्रेम लावून उभाच होता. "ही भारीए, मामा."

"झालं, फायनल! दाजी, तुम्हाला काही वाचायचं असलं की मागा ह्याच्याकडे. ह्याचं झालं की देईल."

दुकानदार हसला. विनिताला पण हसू आवरेना. महिपत मात्र भडकला.

"डोकं फिरलंय का तुझं? दिसत मला नाही, कामावर शिव्या मी खातो, आणि फ्रेम ह्याच्या आवडीची? मला विचारशील की नाही?"

मामाचं हसू गेलं. "राग आला ना, दाजी? लगेच आला. ती पोरगी कॉलेज चालू झाल्यापासून हेच भोगतेय. तिला विचारलंत?"

महिपतने वळून बघितलं. रुचिता दारात उभी होती. ती मघापासून एकदापण हसली नव्हती.

"पप्पा, तुम्ही चष्मा घ्या. लॅपटॉप पण घ्या, सर्वेशला. मी उद्यापासून शीळफाट्याला गोडाऊनमध्ये जाणारे. शालनताईशी बोललेय."

"कॉलेज?"

"नाही जमत, पप्पा. अंगठा दुखतो माझा." एवढंच बोलली आणि भर दुकानात हुंदके देऊन रडायला लागली.

अरे देवा! इतके चष्मे मांडलेल्या दुकानात बापाला आपली पोरगी दिसली, ती अशी!

सर्वेशने हळूच फ्रेम काढून ठेवली. "ताई, मला बोलली का नाहीस?"

"बोललेली. तू हेडफोन लावलेला."

महिपत स्टुलावर बसला. बोलला, "चुकलं माझं. सांग, तुला कसला पाहिजे?"

ह्या प्रश्नाची ती कधीची वाट बघत होती. तिने डोळे पुसले.

"हलका," ती बोलली. "रोज नेता येईल असा. चार्जिंग दिवसभर टिकणारा, वर्गात प्लग मिळत नाही. मेमरी जरा जास्त, नाहीतर प्रोग्राम अडकतात. दिसायला कसापण चालेल."

महिपतच्या चष्म्याची ऑर्डर देऊन सगळे लॅपटॉपच्या दुकानात गेले. तिथे सेल्समन सवयीने सर्वेशकडे वळला, "बोल भाई, गेमिंग दाखवू?"

"तिच्याशी बोला," महिपत बोलला. "वापरणार ती आहे."

सोमवारी रुचिताने प्रोजेक्ट दिला, अर्धामुर्धा. मॅडमनी मार्क कापले, पण प्रॅक्टिकलला बसू दिलं. गेलेले मार्क गेले, ते काय परत येत नाहीत. बापाला उशिरा कळलं त्याची किंमत लेकीने मोजली.

म्हणून सांगतो, मंडळी! मुलीला कॉलेजात घातलं की आपण छाती फुगवून फिरतो. पण तिच्या अभ्यासाची वस्तू तिला विचारून घ्या, तिच्या हातात द्या, आणि ती उद्या जिथे जाईल तिथे ती वस्तू खुशाल जाऊ द्या. सासर कधीतरी येईल, परीक्षा आत्ता आहे! आणि पोरगी गप्प झाली म्हणजे शहाणी झाली असं समजू नका. कदाचित तिने तुमच्याकडून आशाच सोडलेली असेल.

दोन दिवसांनी सर्वेश बापाला विचारायला आला, "पप्पा, लॅपटॉपचा पासवर्ड काय?"

"मला काय माहीत? ज्याची वस्तू त्याला विचार."

आणि सर्वेश, आयुष्यात पहिल्यांदा, ताईचं दार वाजवून आत गेला.