शेपटाचा नियम

चौथ्या दिवशी दुपारी भाऊजी अकराव्यांदा थांबले आणि बाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

"आता काय?"

"पाणी, वहिनी. एकच घोट."

एकच घोट! या माणसाचा एक घोट म्हणजे सायकल अर्धी रस्त्यात उभी करायची, हेल्मेट काढायचं, टक्कल पुसायचं, मग बाटली शोधायची, आणि बाटली सापडली की केळं आठवायचं. बाईंनी तीस वर्षं शाळेत पोरांना वळण लावलं होतं, पण चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या या पन्नाशीच्या दिरापुढे त्यांनी हात टेकले होते.

बरं, सोडून पुढे जावं तर तेही जमत नव्हतं. कॅन्सरच्या वॉर्डाला मदत म्हणून निघालेल्या या सायकलफेरीत चाळीस जण होते आणि सगळ्यांच्या मागे राहायचं काम बाईंकडे होतं. त्या कामाला सगळे 'शेपूट' म्हणत. शेपटाने कोणालाही ओलांडायचं नाही, बस्स. शेवटचा माणूस रांगला तर शेपटानेही रांगायचं. नऊ वर्षं हे काम बाईंच्या यजमानांनी केलं. गेल्या वर्षी ते दुखणं अंगावर काढत निघाले आणि मोठ्या पुलापाशी मदतीच्या टेम्पोत बसले. शेवटचे अडतीस किलोमीटर राहिले ते राहिलेच. चार महिन्यांनी ते गेले. यंदा बाई त्यांचीच सायकल घेऊन आल्या होत्या, त्या अडतीस किलोमीटरांसाठी. बाकी या वयात उन्हातान्हात पायडल मारायची त्यांना काडीची हौस नव्हती.

पण पुलावर तीनच्या आत पोचायला हवं, नाहीतर शेवटचा माणूस आणि शेपूट, दोघांची रवानगी टेम्पोत. हे फर्मान कर्नलचं. कर्नल म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, पण गळ्यात शिट्टी आल्यापासून कोणाला जुमानत नसत. आत्ता वाजले होते दोन अडतीस. पूल अजून चार किलोमीटर.

"भाऊजी, हात जोडते तुमच्यापुढे. टेम्पो मागून येतोच आहे. बसा एकदाचे! तुम्ही बसलात की मी सुटले."

"टेम्पोत नाही बसणार, वहिनी."

"का? काटे आहेत त्यात?"

भाऊजी केळं सोलत राहिले. गेल्या वर्षी तो टेम्पो त्यांनीच तर चालवला होता. यंदा म्हणे सायकलच चालवायची! आणि काय ती सायकल! चार दिवस नुसतं घस्स घस्स, घस्स घस्स. ऐकून ऐकून बाईंचं डोकं उठलं होतं. "चेनला तेल घाला हो!" असं त्या रोज बजावत आणि भाऊजी बिचारे रोज सकाळी इमानेइतबारे तेल घालत. घस्स घस्स काही थांबलं नाही.

"निदान ती रस्त्यातून बाजूला तरी घ्या," म्हणत बाईंनीच सायकल सीटला धरून मागून उचलली आणि रागारागाने पायडलला लाथ मारली. मागचं चाक अर्धा वळसा फिरलं, घस्स करून थांबलं.

बाईंनी पुन्हा फिरवलं. पुन्हा थांबलं. त्या खाली वाकल्या. चाक एका बाजूला कललं होतं आणि ब्रेकचं रबर रिमला चिकटून बसलं होतं.

आणि त्यांना आठवलं. पहिल्या दिवशी हे चाक पंक्चर झालं होतं. भाऊजी ते बसवायला चाचपडत होते, तेव्हा "सरा बाजूला, तुमच्याने नाही व्हायचं," म्हणून बाईंनीच ते हिसकावून बसवलं होतं. घाईघाईत. म्हणजे हा माणूस चार दिवस ब्रेक लावलेली सायकल ओढत होता!

"अहो, चाक अडकतंय हे कळलं नाही तुम्हाला?"

"मला वाटलं, माझंच वय झालं," भाऊजी ओशाळून म्हणाले. "तुम्ही बसवलंय म्हटल्यावर चाकाकडे कोण बघतंय?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नट सैल केला, चाक सरळ केलं, पुन्हा आवळलं. हात काळे झाले, ते तसेच साडेतीनशे रुपयांच्या नव्या टीशर्टला पुसले.

"निघा," एवढंच म्हणाल्या.

आणि भाऊजी जे सुटले! बाईंची बघता बघता दमछाक झाली. शिव्या द्यायला दम उरला नव्हता, नाहीतर नक्की दिल्या असत्या. चढावर त्या अगदीच मागे पडल्या, तेव्हा भाऊजी वळून आले.

"तुम्ही पुढे व्हा वहिनी, मी मागे राहतो."

"शेपटाच्या मागे कोणी चालत नाही!"

"मग आज मी शेपूट," म्हणत त्यांनी बाईंच्या पाठीवर हात टेकवला आणि चढ संपेपर्यंत ढकललं.

पुलावर कर्नल घड्याळ हातात धरूनच उभे होते. दोन एकोणसाठ. "शेपूट पुढे कसं?" ते गरजले.

"तुमचा नियम घाला चुलीत!" बाई ओरडल्या. कर्नलच्या तोंडातली शिट्टी पडली.

पूल ओलांडल्यावर भाऊजी कठड्याशी थांबले. बारावी वेळ.

"इथेच दादाला टेम्पोत बसवलं मी," ते म्हणाले. "तो बसत नव्हता, वहिनी. म्हणत होता, हळूहळू जाईन, पण जाऊ दे. मलाच घाई झाली होती. मी म्हटलं, हात जोडतो तुझ्यापुढे, बस एकदाचा."

बाईंना आजवर वाटत होतं, यजमान दमले म्हणून आपणहून बसले. त्या कठड्याकडे बघत राहिल्या. वीस मिनिटांपूर्वीचे आपलेच शब्द त्यांच्या कानात वाजत होते. भाऊजींनी डोळे पुसले आणि अपराध्यासारखं पायडलवर पाऊल ठेवलं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

भाऊजी दचकले.

"बाटली काढा. सावकाश पाणी प्या," बाई म्हणाल्या आणि यजमानांची सायकल कठड्याला टेकवून तिथेच खाली बसल्या. "आणि केळं उरलं असेल तर अर्धं मला द्या."