पतंगाची पिशवी

"या घरात खून झालेला आहे, आणि तो घरातल्याच माणसाने केलेला आहे," पिंजऱ्याचं दार उघडं धरून सासरेबुवा म्हणाले. विधान भारदस्त होतं, आवाजही तसाच लावला होता. इतक्यात मयताने मागचा पाय किंचित ताणला.

"जिवंत आहे," जावई म्हणाला.

"खुनाचा प्रयत्न," सासरेबुवांनी कलम बदललं.

त्यांची उभी हयात खात्यातल्या चौकशा करण्यात गेली होती. त्यांच्या हातून निर्दोष सुटलेला माणूस कुणाच्या पाहण्यात नव्हता. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आल्यापासून मात्र आरोपी होण्याजोगा एकच इसम उरला होता. तो दिवसभर घरात बसून सिनेमाच्या पडद्यावर खाली दिसणाऱ्या ओळी लिहायचा. वर लोक बोलणार, खाली हा लिहिणार आणि त्याचा याला पगार मिळणार. संशयाला आणखी काय लागतं?

पतंग हा लेकीने पाळलेला शुगर ग्लायडर. मुठीत मावणारा राखाडी जीव, पण पायांमधली कातडी पसरून पडद्यावरून कपाटावर तरंगत जायचा. दिवसा झोपायचा तो तिच्या खिशात. नवऱ्याला त्या खिशाचा हेवा वाटतो, हा सासरेबुवांचा जुना निष्कर्ष. म्हणजे हेतूही तयार होता. लेक परगावी गेली होती, संध्याकाळी परतणार होती. जाताना तिने सांगितलं होतं, "बाबा, माझ्या पतंगाला सांभाळा." नवऱ्याला नव्हे, बापाला. त्यांनी त्याच दिवशी पिंजरा आपल्या खोलीत हलवून ताब्यात घेतला होता.

जावयाने तोवर प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता.

"अंग गार लागतंय? हलवलं तरी डोळे उघडत नाही?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गारठलाय. अगदी मेल्यासारखे दिसतात, लोक पुरूनही टाकतात. हीटरपुढे धरू नका. शर्टाच्या आत अंगाशी धरा, हळूहळू ऊब लागू दे. शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नको, श्वासात जाईल. आणि इकडे निघा. उठून बसला तरी या, नाही बसला तरी या."

जावयाने टॅक्सी बोलावली, शर्टाची बटणं काढली आणि पतंगाला छातीशी ठेवलं. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. सासरेबुवांनी तेही टिपलं. गुन्हेगार पहिल्यापासून फार मदत करतात, हा त्यांचा अनुभव होता.

"काल रात्री माझ्या खोलीत एसी कुणी लावला?"

"मीच. तुम्हाला उकडतं म्हणून रोज लावतो."

"कबुली."

"रोज लावतो, बाबा. पण रोज हा त्याच्या लोकरी पिशवीत शिरून बसतो. त्याला गारठा लागत नाही."

"मग आज ती पिशवी कुठे गेली?"

जावयाची नजर क्षणभर बाल्कनीकडे गेली आणि चोरी केल्यासारखी परत आली. सासरेबुवांनी ती नजर बरोबर पकडली आणि तिच्या मागोमाग गेले.

दोरीवर पिशवी वाळत होती. उलटी करून, शिवण सरळ धरून, दोन्ही टोकांना एकाच रंगाचे चिमटे. त्या घरात असे कपडे एकच माणूस वाळत घालायचा. काल संध्याकाळी वास येतो म्हणून सासरेबुवांनीच ती धुतली होती. लेक घरात शिरताच म्हणेल, बाबा, किती स्वच्छ ठेवलंत, हेही मनाशी ठरवून झालं होतं.

जावयाचा फोन वाजला. लेक होती.

"गारठलाय गं. निघतोय डॉक्टरांकडे... पिशवी? मीच धुतली. डोक्यातच आलं नाही... हो, चुकलंच माझं... बाबा? ते काय करणार? त्यांनी बघितलं म्हणून तर कळलं."

सासरेबुवांसमोर आजवर कितीतरी माणसांनी कबुल्या दिल्या होत्या. त्यांतल्या किती अशा होत्या, हा प्रश्न त्यांना आज पहिल्यांदा पडला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. जावयाच्या कॉलरमधून एक गुलाबी नाक बाहेर आलं, मागोमाग एक काळाभोर डोळा.

"हे बघा," सासरेबुवांनी घसा साफ केला. जावयाला ते आजवर 'अहो' म्हणाले नव्हते. "अहो, ती पिशवी..."

"बाबा, ते राहू द्या," जावई म्हणाला. "तुमचा एखादा शर्ट मिळेल का? याने माझ्यात शू केलीय."