रविवारची नोंद

सासूबाई रिटायर होणार त्याच आठवड्यात माझी बाळंतपणाची रजा संपत होती. अगदी जुळून आलं, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. आम्ही म्हणजे मी आणि सत्यजीत. सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं. 'दोन जूनपासून येते' असं मी बेलापूरच्या ऑफिसला कळवूनही टाकलं होतं.

सासूबाई पनवेलच्या एका हॉस्पिटलात चौतीस वर्षं सिस्टर होत्या, सर्जिकल वॉर्डात. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत कुणाचं बीपी वाढलं की आमची बेल वाजते. अशा बाईला सहा महिन्यांच्या नातीची भीती वाटत असेल, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

तशा खुणा होत्या. मुदतवाढीसाठी त्यांनी दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा तो परत आला. मी आंघोळीला गेले की त्या बाथरूमच्या दाराशी उभ्या राहायच्या.

"अनुया, ती हलली."

"हलू दे, आई."

"डोळे उघडलेत."

मी अंगावरचा साबण तसाच ठेवून बाहेर यायचे. आभा पंख्याकडे बघत पडलेली असायची, आणि सासूबाई पाळण्यापासून चार हात लांब.

सत्यजीतला वाटायचं, त्यांना रिकामपणाची धास्ती आहे. "आई, बागेतल्या हास्यक्लबला जात जा," तो म्हणायचा.

"मला हसता येतं, सत्या. कुणी सांगितलं म्हणून येत नाही."

एका दुपारी आभाच्या दुपट्यांच्या घड्या घालताना मी सरळ विचारलं. "आई, तुम्हाला नको असेल तर सांगा. मी दुसरी सोय बघते." कुठली सोय, ते मलाच माहीत नव्हतं.

त्यांनी एका दुपट्याची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "वॉर्डात आम्ही चौघी असतो. डॉक्टर असतात. चुकलं तर कुणीतरी सावरतं. आणि पेशंट काय, आठ दिवसांनी घरी जातो. हिला मी रोज तोंड दाखवायचं."

"पण तुम्ही सत्यजीतला वाढवलंत की."

"गुणाबाईंनी वाढवलं. मी त्याला रात्री झोपलेला बघायचे."

गुणाबाईंच्या दोन खोल्यांत तेव्हा हे मायलेक भाड्याने राहायचे, रोडपालीला. सासरे लवकर गेले, नोकरी सोडणं शक्य नव्हतं. हे सगळं मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. कुणी ते दुःख म्हणून सांगितलं नव्हतं, एवढंच.

एकतीस मेला, शनिवारी, हॉस्पिटलच्या कॉन्फरन्स रूममध्ये निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. घरच्यांपैकी कुणीतरी बोला, म्हणून सत्यजीत उठला. चांगला बोलतो तो. शेवटी म्हणाला, "मला जी आई मिळाली नाही, ती आता माझ्या मुलीला आजी म्हणून मिळणार आहे." सगळे हसले. सासूबाईही हसल्या. माझ्या मांडीवर आभा होती, म्हणून मला टाळ्या वाजवाव्या लागल्या नाहीत.

परतताना रिक्षात त्यांनी घड्याळ मांडीवर पालथं धरलं होतं.

रविवारी सकाळी त्या म्हणाल्या, "गुणाबाईंना पेढे देऊन येऊ." मी आभाला घेतलं आणि निघाले. खरं सांगायचं तर माझा हिशोब वेगळा होता. यांनी ऐन वेळी नाही म्हटलं, तर गुणाबाई बाळ सांभाळणारी एखादी ओळखीतली बाई सुचवतील, असं मनात होतं.

दोन खोल्यांच्या जागी आता तीन मजली घर आहे. गुणाबाई मात्र खाली ओट्यावरच बसलेल्या, पायाला तेल चोळत. सासूबाईंना बघून म्हणाल्या, "काय गो सिस्टर, सोडली का एकदाची त्यांनी तुला?"

"सोडली."

"मंग त्वांड कशाला असा? तुला काय फासावर देतान?"

सासूबाई त्यांच्या शेजारी ओट्यावर बसल्या. पेढ्यांचा बॉक्स उघडायचं भान राहिलं नाही. "गुणाबाई, सत्या रडायचा नाही का? मी गेल्यावर?"

"रडायचा. रस्त्यावरचे गाडीचा आवाज ऐकला का गप व्हायचा."

"आणि तुम्हाला भीती नाही वाटली? पडला, भाजला, काही गिळलं?"

"भ्यालीच की. आपला पोर पडला तं आपला पडला. परक्याचा पडला तं सांगू काय त्याचे आयशीला? सा महिनं मी चुलीजवल नीट बसली नाय." त्यांनी आभाच्या गालाला तेलकट बोट लावलं. "मंग सवय झाली. भीती काय जात नाय, बाय. आपणच तिला घेऊन कामाला लागतो."

सासूबाईंचे खांदे जरा खाली आले. मला हायसं वाटलं. इथेच उठलो असतो तर बरं झालं असतं. पण गुणाबाई रंगात आल्या होत्या.

"सत्या चालला पयल्यांदा, तो हितंच. या खांबापासून त्या खांबापरत. मी तुला सांगलंच नाय."

"काय सांगितलं नाही?"

"चार दिसांनी तू आलीस पळत. गुणाबाय, सत्या चालला, सत्या चालला. मी बोलली, हो का?"

सासूबाई त्या खांबाच्या जागेकडे बघत राहिल्या. तो खांबही आता नव्हता, तिथे स्कूटर लावलेली होती.

"तेव्हाच सांगायचं होतं, गुणाबाई."

"सांगून काय केलं असतंस? डूटी सोडली असतीस?"

गुणाबाईंनीच बॉक्स उघडला आणि आम्हा दोघींना आमचेच पेढे दिले.

परतीच्या रिक्षात कळंबोलीचा सिग्नल आला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी वॉर्डात पेढे वाटले होते तेव्हा. पेशंटनासुद्धा."

बाई शोधण्याबद्दल मी गुणाबाईंना विचारलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी साडेसातला मी खोलीबाहेर आले, तर सासूबाई पाळण्याजवळ उभ्या. केस बांधलेले, साडीला पिन, मनगटावर घड्याळ. हातात दोनशे पानी वही.

"ओव्हर दे," त्या म्हणाल्या.

ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक पेशंटजवळ उभं राहून सगळं सांगते, त्याला त्या ओव्हर म्हणतात. मीही पाळण्याजवळ उभी राहिले. रात्री दोनदा उठली. सहाला दूध. शी झाली नाही. डाव्या कानामागे पुरळ. बोलता बोलता मी आभाचं दुपटं सारखं करायला वाकले, तर त्या मान वर न करता म्हणाल्या, "पुरळ किती दिवस?"

"दोन."

"ठीक. जा आता."

त्या पाळण्याला टेकून उभ्या होत्या, चार हात लांब नाही.

दुपारी एकला मी फोन केला. "ड्यूटीवर मी फोन घेत नाही," म्हणाल्या. "ओव्हर संध्याकाळी मिळेल." मागे आभा रडत होती. फोन ठेवता ठेवता त्यांचं बोलणं कानावर पडलं, "आले, आले. ओरडू नकोस, मी तुला घाबरत नाही." घाबरत होत्या. तरी गेल्या.

संध्याकाळच्या ओव्हरमध्ये काही सुटायचं नाही. किती चमचे सत्त्व, किती वेळ झोप, कुठल्या कुशीवर. चौतीस वर्षं त्यांच्या नोंदीत एकही गोष्ट राहिली नाही, असं निरोप समारंभात मेट्रन म्हणाल्या होत्या. माझ्या मुलीचा दिवस मला असा वाचून कळत होता, आणि मला त्याचा राग येत होता. कुणाचा, ते धड ठरत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, त्यांनी सांगितलं, "लाळ जास्त आहे. हिरडी लाल. चमचा आजपासून प्लॅस्टिकचा घेतलाय."

"का?"

"मऊ असतो."

मी थकलेली होते, पुढे विचारलं नाही.

रविवारी त्यांची सुट्टी. आभाला मीच भरवते. प्लॅस्टिकचा चमचा सापडेना, म्हणून नेहमीचा स्टीलचा घेतला. नाचणीचं सत्त्व, दुसरा घास, आणि आतून आवाज आला. टक.

मी पुन्हा चमचा लावला. टक.

"आई, दात. आभाला दात आला."

त्या ओट्याशी भाजी चिरत होत्या. सुरी थांबली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"हो का?" म्हणाल्या.

मग हात धुऊन आल्या. एक बोट आभाच्या तोंडात घातलं. ते बोट कुठे फिरलं नाही, चाचपडलं नाही, सरळ खालच्या डाव्या हिरडीवर जाऊन टेकलं. "आलाय ग," म्हणाल्या. "आजच आलाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. सरळ विचारलं असतं तर पुन्हा खोटं बोलल्या नसत्या, म्हणून मी विचारलं नाही. फोटो काढला, सत्यजीतला दाखवला, ऑफिसच्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, 'आज पहिला दात'.

सुट्टी असूनही सासूबाईंनी वही उघडली. त्या आत गेल्यावर मी ती वाचली. गुरुवारच्या पानावर लाळ, हिरडी, चमचा, आणि मग अर्धी ओळ कोरी सोडलेली. रविवारच्या पानावर त्यांच्या सरळ, स्वच्छ अक्षरात एकच नोंद होती.

दात, खालचा डावा. प्रथम दिसला : बाळाच्या आईला.