दोन राब

त्या रविवारी महाडच्या प्रार्थनेत मी तिसऱ्यांदा साक्ष दिली, म्हणजे उभं राहून आपलं बदललेलं आयुष्य सगळ्यांना सांगितलं. मला आता सवयच झाली होती. हातभट्टी कशी सुटली, बायको मीना माहेरून कशी परत आली, हे सांगताना गळा कुठे दाटायचा तेही ठरलेलं. शेवटी म्हटलं, माझ्या हातून एक मोठं वाईट काम सैतानाने करवलं, पण येशूने ते धुऊन टाकलं. सगळे आमेन म्हणाले.

चहाच्या वेळी पास्टर महिपती शेजारी येऊन बसले. हा माणूस पूर्वी एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बिघाड सापडेपर्यंत सोडत नाही. त्या वाईट कामाचे भोग कुणाच्या वाट्याला आले, असं त्यांनी विचारलं. मी टाळलं.

"हैबती," ते म्हणाले, "आधी तू दारूचं नाव घ्यायचास, आता सैतानाचं घेतोस. स्वतःचं कधी घेणार?"

मला भयंकर राग आला. चहा तसाच ठेवून मी पोलादपूरची गाडी पकडली. त्यांना काय जातंय बोलायला!

पण घाट चढून वाडीत आलो तरी डोकं थाऱ्यावर येईना. सोमवारी म्हशी सोडल्या आणि तासाभरात परत आणल्या. मीना म्हणाली, बसा तरी कुठे. बसलो तर समोर शेजारीण धोंडूबाईच्या गोठ्याची मोकळी जागा दिसायची, म्हणून पुन्हा उठलो.

तीन वर्षांपूर्वीची, पंचाण्णव सालची गोष्ट. आमच्याकडे पावसाआधी राब भाजतात. नाचणीच्या रोपासाठी जमिनीवर शेण, टहाळ, गवत पसरून जाळायचं. हे काम सकाळी, वारा उठायच्या आत करायचं आणि विस्तव विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. त्या दिवशी धोंडूबाईने तिचा राब सकाळीच भाजला. मी पिऊन माझा दुपारी पेटवला आणि आंब्याखाली झोपलो. जाग आली तेव्हा तिचा गोठा जळत होता. दाव्याला बांधलेली तिची गाभण म्हैस आत होती.

मी दुपारी पेटवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळ्या वाडीने धरून चाललं की ठिणगी धोंडूबाईच्याच राबातली. तिनेही तेच धरलं. राब नीट विझवला नाही म्हणून स्वतःलाच बोल लावत राहिली. मुलगा रायबा तिच्याशी कामापुरतं बोलायचा. तिने पुन्हा काडी हातात घेतली नाही. आणि मी गप्प बसलो. येशूसमोर रडलो, तिच्यासमोर नाही.

मंगळवारी सकाळी धोंडूबाईकडे गेलो. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सैतानाचं नाव जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

तिचं सूप थांबलं. तिने विचारलं, "तुज्या देवाला ह्ये ठावं हाय?"

"हाय. त्यानं माफ केलं."

"मला न इचारता?"

मला लाज वाटली, इतकी की पळून जावंसं वाटलं. पण तिने रायबाला हाक मारली आणि म्हणाली, "आता ह्येच्यासमोर सांग."

पुन्हा सांगितलं. रायबा उठला. आता हा मारणार, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने आईकडे पाहिलं आणि उंबऱ्यावर मटकन बसला. "आये," एवढंच म्हणाला.

धोंडूबाईने डोळे पुसले. माफीबद्दल ती काही बोलली नाही, मीही मागितली नाही.

"उद्या माजा राब भाजाचा हाय," ती म्हणाली. "काडी मी वढीन. राखण तू कर."

बुधवारी दिवस उगवायला तिने काडी ओढली. दोन काड्या वाया गेल्या. तिसरीने पेट घेतला. मी ओला टहाळा आणि पाण्याची कळशी घेऊन बांधावर उभा राहिलो. राब जळून काळा पडला, धूर निवला, तशी ती घरी गेली. मला मात्र जा म्हणाली नाही.

दुपारी वारा उठला. राखेत ठिणगी उरली नव्हती, तरी मी जागचा हललो नाही.