टाकीच्या तोंडावरची खुर्ची

टाकीच्या तोंडाशी एक खुर्ची ठेवायची, तिच्यावर एक माणूस बसवायचा, आणि आत कुणी असेपर्यंत त्याने तिथून हलायचं नाही. गोष्ट एवढीशीच. पण त्या कारखान्यात या खुर्चीवरून जेवढी तोंडं वाजली, तेवढी पगारवाढीवरूनही वाजली नसतील.

कारखाना दुधाच्या टाक्या बनवायचा. चकचकीत स्टीलच्या, आडव्या, एकेकीत अख्खं बिऱ्हाड मावेल एवढ्या. वर माणूस जेमतेम शिरेल असं गोल तोंड, तिथवर चढायला बाहेरून शिडी आणि बसाउठायला माचा, आत उतरायला दुसरी शिडी आणि तळाशी दूध काढायची तोटी. आत जाणाऱ्याने आपली टोपी तोंडाच्या कडेला अडकवायची, अशी तिथली रीत होती. टोपी लटकतेय म्हणजे आत जीव आहे. आतल्याच्या कमरपट्ट्याला दोर, आणि दोराचं दुसरं टोक खुर्चीवरच्या माणसाच्या हातात.

ही रीत घातली ताईने. ताई तिथली सुरक्षा अधिकारी. तिचा धाकटा भाऊ तिथेच वेल्डर होता. तो ताई म्हणे, म्हणून सगळेच ताई म्हणू लागले, कारखाना चालवणारे साहेबसुद्धा. खुर्चीवर बहुतेक वेळा मामा बसत. मामा जुने फिटर, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

“मामा, बसून बसून खुर्चीला मुळं फुटतील हो,” पॉलिशवाले चिडवायचे.

“फुटू देत. तुला वर ओढायला तीच कामाला येतील,” मामा म्हणायचे.

वेल्डिंगचा सांधा काळा पडू नये म्हणून तिथे आर्गॉन वायू सोडत. त्याच्या सिलिंडरवर हिरवं लेबल असतं. वायूंचे धोक्यानुसार वर्ग पाडलेले असतात. पेटणाऱ्याला लाल लेबल, विषारी वायूला कवटीचं आणि न पेटणाऱ्या, विषारी नसलेल्या वायूला हिरवं. सगळा घोळ त्या हिरव्या रंगाने केला होता. हिरवं म्हणजे खुशाल जा, असं माणसाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

ताई हे नव्या माणसांना समजावून सांगायची. बादलीत आर्गॉन सोडायची आणि तारेला बांधलेली पेटती मेणबत्ती हळूच आत उतरवायची. मेणबत्ती फस्सकन विझायची. “बादली रिकामी दिसते ना? भरलेली आहे. हा वायू हवेपेक्षा जड. पाण्यासारखा तळाला बसतो, फक्त पाणी दिसतं आणि हा दिसत नाही. विष नाही, पण यात श्वास घ्यायला प्राणवायूच नाही. वर वास नाही, घसा खवखवत नाही, गुदमरल्यासारखंसुद्धा वाटत नाही. आपला जीव घाबरा होतो तो आतली खराब हवा कोंडली की. इथे ती बाहेर पडतच राहते, म्हणून शरीर ओरडत नाही. माणूस बोलता बोलता खाली बसतो, आणि संपतं.”

साहेबांनी हा प्रयोग कितीदा तरी पाहिला होता. ते शिकलेले इंजिनिअर, त्यांना यातलं काही नवीन नव्हतं. तरी त्या सकाळी त्यांनी ताईला बोलावून घेतलं.

“ताई, टाकी आज संध्याकाळी निघायलाच हवी. पॉलिशला माणूस कमी पडतोय आणि मामा तिकडे खुर्ची उबवताहेत. त्यांना पॉलिशला घेतो.”

“आत काम नसेल तर घ्या. आत माणूस असेल तर नाही.”

“आतलं काम संपलंय. आणि अहो, वर्ग वाचा ना. पेटत नाही, विषारी नाही. तुम्ही तर साप पाळल्यासारखं करता.”

“साप बरा, साहेब. निदान फुसफुसतो तरी.”

साहेब हसले. “मला ठाऊक आहे सगळं. पण एवढा बाऊ केला, तर कारखाना चालवायचा कसा?”

ताई तणतणत बाहेर पडली. न कळणाऱ्याला शिकवता येतं. पण कळूनही डोळेझाक करणाऱ्यापुढे कसली मेणबत्ती विझवायची?

दुपारी ती गोदामात सिलिंडर साखळीने नीट बांधलेत का ते बघत होती. परतताना सवयीने तिची नजर टाकीकडे गेली. तोंडावर टोपी लटकत होती. निळी, कडेला जळल्याचं भोक असलेली. धाकट्याची.

खुर्ची रिकामी होती.

झालं होतं ते असं. आतल्या एका सांध्यावर काळा डाग राहिला होता. साहेबांनी जाता जाता धाकट्याला म्हटलं, तेवढा घासून टाक. सकाळी तोटीच्या नळीत सोडलेला आर्गॉन टाकीत झिरपून तळाला साचला होता. दोर साहेबांच्याच हुकमाने ट्रकवर सामान बांधायला गेला होता. धाकट्याने विचार केला, मिनिटाचं तर काम, श्वास रोखून उतरू. या वेल्डर लोकांना आपल्या छातीचा भारी अभिमान. पण घासायला वाकलं की श्वास कुठला रोखला जातो?

ताईने धावत वर चढून, वाकून आत बॅटरी मारली. धाकटा शिडीच्या पायथ्याशी कुशीवर पडला होता, लहानपणी झोपायचा तसा.

तिचा एक पाय आतल्या शिडीवर पडलासुद्धा. मग तो तिने मागे घेतला. आयुष्यात एवढं जड काही तिने उचललं नसेल.

तिच्या हाकेने माणसं धावली. मामा गुडघे विसरून वर चढले आणि तोंडात शिरू लागले. ताईने त्यांना कमरेला धरून मागे खेचलं.

“सोड मला पोरी! तुझा भाऊ आहे आत!”

“म्हणूनच नाही सोडत! तुम्हीही पडाल, मग मी दोघांना कशी काढू? खाली जा, तोटीचं झाकण उघडा! वायू जड आहे, खालून वाहून जाईल!”

मामा उतरले. कुणीतरी ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत आणला. ताई ओरडली, “तो नको! एक ठिणगी पडली तर अंगावरचे कपडे भडकतील. साध्या हवेची नळी आणा, कॉम्प्रेसरची!”

नळी आली. तिने ती धाकट्याच्या डोक्याजवळ सोडली. खाली मामांनी झाकण काढलं. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त तोटीसमोरची धूळ जमिनीवरून पळू लागली. ताईने प्राणवायू मोजायचं यंत्र दोरीने आत सोडलं. ते किंचाळत होतं. आकडा चढत होता, पण गोगलगायीसारखा.

“ताई, जाऊ दे ना कुणाला तरी!” एक पॉलिशवाला रडकुंडीला आला होता.

“अजून नाही.”

“दगड आहेस का गं?”

तिने यंत्रावरची नजर हलवली नाही. यंत्र किंचाळायचं थांबलं, तेव्हाच तिने त्या पॉलिशवाल्याला ट्रकवरून सोडून आणलेला दोर बांधून आत उतरवलं. तो पोचायच्या आतच धाकटा खोकला. टाकीत तो खोकला घंटेसारखा घुमला, आणि खाली मामा मटकन बसले.

गाडीत घालताना धाकट्याने डोळे किलकिले केले. “ताई, रागावू नकोस.”

“घरी ये, मग बघते तुझ्याकडे,” ती म्हणाली आणि त्याची टोपी तिने स्वतःच्या खिशात कोंबली. मामा त्याच्यासोबत दवाखान्यात गेले.

गाडी गेल्यावर साहेब बाहेर आले. चेहरा पडलेला होता, पण हातात बॅटरी होती. माल बाहेर जाण्याआधी आतले सांधे स्वतः बघून पसंत करणं, हे त्यांचंच काम.

“देवाची कृपा म्हणायची. पण तोही न सांगता उतरला, हे तुमच्या अहवालात यायला हवं हं, ताई.”

“सांगितलं कोणी त्याला डाग घासायला?”

साहेब शिडीकडे वळले. “ते मागाहून बोलू. ट्रक उभा आहे. मी आत जाऊन चटकन बघून येतो.”

ते वर चढले, तोंडाशी वाकले आणि थांबले. आत बघितलं. मग रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. खाली माणसं गोळा झाली होती.

“मी येईपर्यंत,” साहेब म्हणाले, “कोणीतरी बसा ना इथे. ताई, तुम्हीच बसा.”

ताई उसळली. “का हो साहेब? हिरवं लेबल आहे ना? विषारी नाही, पेटत नाही. सकाळी खुर्ची उबवणं परवडत नव्हतं, आता परवडतं?”

साहेबांनी हातातली बॅटरी विझवली.

“माझा भाऊ उतरला तेव्हा कुठे होती ही अक्कल? की साहेबांच्या फुप्फुसांना प्राणवायू लागतो आणि वेल्डरच्या फुप्फुसांना नाही?”

“अहो, हळू बोला.”

“उतरा खाली.”

ते उतरले. ताई वर चढली. तोंडावरचं जड झाकण तिने दोन्ही हातांनी ओढून बसवलं. त्याचा आवाज साऱ्या कारखान्यात घुमला. मग तिने खुर्ची बाजूला सारली आणि झाकणावरच ठाण मांडलं.

“ट्रक परत पाठवा. दर टाकीला स्वतःचा दोर आणि तोंडावर स्वतःचा माणूस मिळेपर्यंत आत कोणी जाणार नाही. तुम्हीसुद्धा नाही, साहेब. तुमचाही जीव जीवच आहे.”

“आणि तोवर तुम्ही काय करणार?”

ताईने खिशातली निळी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“बसणार,” ती म्हणाली.

खालून एका पॉलिशवाल्याने हातातला फडका टाकला आणि तो शिडी चढून तिच्या शेजारी येऊन बसला.