इसाकचं शेवटचं प्रकरण

"आधी पुस्तक दाखवा," पुष्पांजली म्हणाली. "मंग बाबाले भेटा."

उंद्रीतल्या तिच्या घराच्या दारात मी उभा होतो. पिशवीतून पुस्तक काढून पुढे धरलं. मुखपृष्ठ कधीच गेलेलं, कोपरे कसरीने खाल्लेले. तिने हात लावला नाही. नुसतं पाहिलं.

"हेच का ते? याच्यापायी माह्या बापाले चोर केलं तुमी?"

"हेच."

"इतकुसं तं हाये," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

पुष्पांजली म्हणजे कडूबाची मुलगी. आता अंगणवाडीत सेविका आहे, डोक्यात पांढरे केस आहेत. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती सातवीत होती आणि मी सव्वीस वर्षांचा होतो. साखरखेर्ड्याच्या आमच्या वाचनालयाचा मी ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हा शब्द जरा मोठाच झाला, कारण कपाटं सात आणि पंखा एक. तोही चालू केला की वर्तमानपत्रं उडायची. झाडलोट, पुस्तकांची धूळ, कुलूप-किल्ली हे सगळं कडूबाकडे होतं.

पण शनिवारी चार वाजले की त्या खोलीसारखी जागा जिल्ह्यात नव्हती, असं मला अजून वाटतं. दर शनिवारी मी कादंबरीचं एक प्रकरण मोठ्याने वाचायचो. ज्यांना वाचता येत नव्हतं ते यायचे, ज्यांना येत होतं तेही यायचे. कोकिळाकाकू अडकित्ता घेऊन पहिल्या सतरंजीवर बसायच्या आणि नायकावर संकट आलं की सुपारी कातरायचं थांबवायच्या. अर्जुनराव भुईमुगाच्या शेंगा आणायचे आणि टरफलं सतरंजीखाली सरकवायचे. मी फार छान वाचतो असं लोक म्हणत, आणि मीही ते खरं धरून चाललो होतो. आवाज चढवायचा, उतरवायचा, मध्येच पाणी प्यायचं. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

कडूबा उंबऱ्यावर बसायचा. पाठ चौकटीला, तोंड आत. आत येऊ नको असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. आत ये असंही कुणी म्हटलं नाही. त्याची कानतुटकी कपबशी खिडकीच्या गजामागे वेगळी असायची, तिलाही कुणी काही म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी मी एक अनुवादित कादंबरी काढली. अमेरिकेतली, कापसाच्या मुलखातली. त्यात आयझॅक नावाचा एक काळा मजूर जिनिंगमध्ये गाठी उचलायचा. आमच्या लोकांनी दुसऱ्याच शनिवारी त्याचा इसाक करून टाकला. कापूस, गाठी, जिनिंग, सगळं ओळखीचंच होतं. एका रात्री जिनिंगला आग लागते. आग लावलेली असते मालकाच्या पोराच्या चिरूटाने, आणि पकडतात इसाकला. तिथल्या एका गोऱ्या कारकुनाने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण तो बोलत नाही.

"मेल्याच्या तोंडात काय वडा हाये?" कोकिळाकाकू ओरडल्या. अर्जुनरावांनी डोळे पुसले. वाचनालयाचे अध्यक्ष शंकरराव खुर्चीवरून गंभीरपणे म्हणाले, "माणसाला माणूस न समजणं, यासारखं पाप नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. कडूबा तेव्हा उंबऱ्यावरच होता, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

कुलूप लावताना तो मला विचारायचा, "सायेब, तो कारकून बोलन का?"

"शेवटच्या प्रकरणात कळेल."

"बोलाले पाह्यजे. लेकराबाळाचा मानूस हाये इसाक."

त्या शेवटच्या प्रकरणाचा शनिवार आला आणि पुस्तक जागेवर नव्हतं.

ते कुठे होतं हे मला माहीत होतं. वाचनालयाची मागची भिंत शंकररावांच्या परसाला लागून होती. त्यांच्या घरात सुनांनी कादंबऱ्या वाचलेल्या चालत नसत. त्यांची नवी सून, मंजुश्री, दर शनिवारी त्या भिंतीला कान लावून ऐकायची. बुधवारी तिने भिंतीवरून विचारलं, शेवट वाचून उद्या परत देते म्हणून. मी नोंद न करता पुस्तक दिलं. गुरुवारी सासू परसातून हलली नाही. शुक्रवारीही नाही.

शनिवारी सभा भरल्यासारखी खोली भरलेली. किल्ली दोघांकडे, माझ्याकडे आणि कडूबाकडे.

"याला तर वाचता येत नाही," कुणीतरी म्हणालं.

"त्याची पोरगी वाचते ना, सातवीत आहे," शंकरराव म्हणाले. "तिच्यासाठी नेलं असेल. मागितलं असतं तर दिलं नसतं का?"

इसाकसाठी रडलेली माणसं कडूबाकडे पाहत होती. कडूबा माझ्याकडे पाहत होता. मी दौतीचं झाकण लावत होतो. लागलेलं झाकण पुन्हा लावत होतो.

त्याला काढून टाकलं. मी बोललो असतो तर मंजुश्रीचं त्या घरात काय झालं असतं, असं मी सदतीस वर्षं स्वतःला समजावत आलो. ते खोटं नव्हतं. पण त्या दिवशी माझ्या मनात तिचं नाव आलंच नव्हतं. मला माझी नोकरी दिसत होती. मी घाबरलो होतो, बस.

गेल्या महिन्यात मंजुश्रीबाई माझ्या घरी आल्या. आता आजी झाल्यात. घर बंद करून मुलाकडे निघाल्या होत्या. पुस्तक साड्यांच्या ट्रंकेत तळाशी होतं. "मला वाटलं, तुम्ही सांगाल," त्या म्हणाल्या.

"आणि मला वाटलं तुम्ही," मी म्हणालो. इतकं निलाजरं वाक्य मी दुसरं बोललेलो नाही.

आत खाटेवर कडूबा बसला होता. डोळ्यांत पांढुरका पडदा आलेला, पण आवाजावरून त्याने मला ओळखलं.

"भालचंद्र सायेब! कायले तरास घेतला एवढ्या उन्हाचा? पोरी, पानी आन. खाटीवर बसा, सायेब."

मी पाणी प्यालो नाही. आधी सांगून टाकलं. भिंत, बुधवार, झाकण, सगळं. पुष्पांजली दाराशी उभी राहून ऐकत होती.

कडूबा म्हणाला, "मले ठाऊक होतं."

"काय?"

"तुमी पुस्तक देऊन राह्यले होते तवा मी परसाकडून कचरा टाकून येत होतो. पाह्यलं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"माहं कोन ऐकलं असतं? अन् ऐकलं असतं, तं त्या पोरीले त्यायनं जित्ती ठेवलं असतं का? म्हनलं, सायेब शिकलेला मानूस हाये, काहीतरी सोय लावून बोलन. आज बोलन, उद्या बोलन. राग आला ना. लय आला. दोन साल त्या सडकीनं गेलो नाई मी."

"माही शाळा सुटली त्या साली," पुष्पांजली म्हणाली. "कापूस येचाले गेली मी. पोरी म्हनत, पुस्तकचोराची पोरगी आली. बाबानं मलेबी सांगतलं नाई कधी."

मी माफी मागितली. कडूबाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणाला, "आनलंच हाये तं वाचा. इसाकचं काय झालं ते तं कळू द्या."

मी चष्मा लावला. कडूबा खाटेवरून उठला, भिंत चाचपत गेला आणि स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर बसला. पाठ चौकटीला, तोंड आत.

"तिथे कशाला? इथे बस ना," मी म्हणालो. आत ये असं मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

"ऐकाले इथंच बरं वाटते, सायेब. सवय हाये."

मी वाचायला लागलो. एक पान कसंबसं झालं. दुसऱ्या पानावर तो कारकून कोर्टात येऊन बसतो, टोपी मांडीवर ठेवतो. तिथे माझा आवाज बसला. गाव ज्या आवाजाचं कौतुक करायचं तो काही केल्या निघेना.

पुष्पांजलीने पदराला हात पुसले. "द्या इकडं."

तिने पुस्तक घेतलं. ज्या पुस्तकासाठी ती चोराची पोरगी झाली, ते तिच्या हातात पहिल्यांदाच येत होतं. खाली सतरंजीवर मांडी घालून ती वाचायला लागली. चढ नाही, उतार नाही. अंगणवाडीतल्या लेकरांना वाचून दाखवावं तसं, सरळ, शब्द न शब्द.

दोन ओळी झाल्या असतील. कडूबाने मान वळवली. चौकटीला धरून उठला, तिच्या आवाजाच्या दिशेने आला आणि सतरंजीवर तिच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"हं," तो म्हणाला. "मंग? बोलला का तो?"

"थांबा न, बाबा. वाचून तं राह्यली."

उंबऱ्यावरची जागा रिकामी होती. मी खाटेवरून उठलो आणि तिथे जाऊन बसलो.