मुलगा पटला नाही

चष्म्याच्या दुकानाच्या मागं जी अरुंद खोली होती, तिथं ताई बावीस वर्षं काचा घासत होती. तिला सगळे ताईच म्हणत. तिच्याहून बारा वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा. पुढं गिऱ्हाईक फ्रेम निवडायचं, नंबरची चिठ्ठी मागं यायची. ताई काचेवर मध्याची खूण करायची, फिरत्या चाकावर पाण्याच्या बारीक धारेखाली कडा घासायची आणि काच फ्रेमच्या खाचेत बसवायची. केसभर मोठी राहिली तर तडकते, केसभर लहान झाली तर हलते. तिच्या हातची काच परत आली, असं वर्षातून एखाद्या वेळीच व्हायचं.

तिचा धाकटा भाऊ सिनेमे करायचा. नाचगाण्यांचे नव्हेत. मालकांच्या भाषेत, “ज्याला कुणी जात नाही आणि ज्याला बक्षिसं मिळतात, तसले.” त्याच्या पहिल्या सिनेमात एक माणूस दीड तास रेल्वेचं फाटक उघडायचा आणि बंद करायचा. मालकांनी तो ताईच्या भावाचा म्हणून हौसेनं पाहिला होता आणि दुसऱ्या दिवशी विचारलं होतं, “ताई, त्या फाटकाचा काही गूढ अर्थ होता का? का खरंच फाटकच होतं?” ताईला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा घरी बाबा होते, आणि बाबांना सोडून दीड तास कुठं बसायची सोय नव्हती.

बाबांचं डावं अंग लुळं पडलं आणि त्यानंतर सहा वर्षांनी ते गेले. सहा वर्षं ताईनं त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. ती दुकानात असताना समोरच्या काकू दुपारी एकदा डोकावून जायच्या. अंग उचलायला तेवढ्या एकट्या हाताशी असायच्या. धाकटा तेव्हा परदेशात सिनेमा शिकत होता, मग तिथंच राहिला. रविवारी फोन करायचा. सहा वर्षांत दोनदा आला, दोन्ही वेळा तीन-तीन दिवस. बाबा गेल्याचं कळवलं तेव्हा त्याचं चित्रीकरण चालू होतं. तो पोहोचला तेव्हा बाबांना पोचवून दोन दिवस झाले होते.

आता, बाबांना जाऊन तीन वर्षं झाल्यावर, त्याचा तिसरा सिनेमा आला. तो बाबांवर होता. चार देशांत दाखवून झाला, एके ठिकाणी बक्षीस मिळालं, आणि मग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या सभागृहात, रविवारी दुपारी, ताईच्या गावात लागला.

“पुढच्या रांगेत तुझी खुर्ची ठेवतो,” धाकटा फोनवर म्हणाला.

“नको. मी मागं बसेन,” ताई म्हणाली. “आणि माझी ओळखबिळख करून देऊ नकोस.”

तिला लाज वाटत होती, आणि थोडा आनंदही होत होता. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या घरातलं काही पडद्यावर येणार होतं. तिनं निळा नवा ड्रेस घातला.

सभागृहात साठएक माणसं होती. सिनेमा सुरू झाला आणि ताईला तिचं घर दिसलं. तीच लोखंडी खाट, खाटेच्या पायाला बांधलेली तीच घंटीची दोरी. पडद्यावरच्या बाबांना मुलगी दुधात भिजवलेला ब्रेड भरवत होती आणि कॅमेरा हलतच नव्हता. मागं कुणीतरी घड्याळ पाहिलं. ताईला मात्र त्यात काही सावकाश वाटलं नाही. खरं भरवायला याच्या तिप्पट वेळ लागायचा.

मग तो प्रसंग आला.

एकदा, चौथ्या वर्षी, ताईनं बाहेरून कुलूप लावलं होतं आणि ती अडीच तास बसथांब्यावर जाऊन बसली होती. कुठं जायचं नव्हतं. बसेस येत होत्या, जात होत्या. परत आली तेव्हा बाबा खाटेवरून घसरून जमिनीवर पडले होते. ते काही बोलू शकत नव्हते, नुसते बघत होते. ही गोष्ट तिनं एकाच माणसाला सांगितली होती. धाकट्याला, फोनवर, रडत. तो म्हणाला होता, “ताई, तू माणूस आहेस. विसरून जा.”

तो स्वतः विसरला नव्हता. पडद्यावरची मुलगी कुलूप लावून बाजारात गेली. लाल सँडल घालून बघितल्या, आरशात हसली, दुकानदाराशी थट्टा केली. आणि मध्ये-मध्ये जमिनीवर पडलेल्या म्हाताऱ्याचा हात.

त्यानंतर मुलगा आला. पावसात भिजलेला, खांद्यावर बॅग. त्यानं बाबांना उचललं, स्वतः अंघोळ घातली, नखं कापली. शेवटचे अकरा दिवस तो खाटेशेजारी जमिनीवर झोपला. बाबांनी त्याच्या हातात हात ठेवून डोळे मिटले. मुलगी तेव्हा स्वयंपाकघरात होती.

दिवे लागले. ताईचे हात मांडीवर होते तसेच राहिले.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई माईक घेऊन पुढं आल्या. “दिग्दर्शक आपल्यात आहेत. मोकळेपणानं बोला. जाणकार असायलाच हवं असं नाही. साध्या प्रेक्षकाचं मत आम्हाला जास्त मोलाचं.”

साध्या प्रेक्षकांना एवढंच हवं होतं. चौकडीच्या शर्टातले एक गृहस्थ आधी उठले. “मी स्पष्टच बोलतो. हे परदेशी बक्षीसवाले सिनेमे आजारी माणसाशिवाय होत नाहीत का? तो ब्रेड भरवतानाचा प्रसंग, माझी एक डुलकी काढून झाली, डोळे उघडले तर ब्रेड चालूच!”

लोक हसले. धाकटाही समंजसपणे हसला.

एक कॉलेजची मुलगी म्हणाली, “मला सावकाशपणा आवडला. असं वाटलं, आपणच त्या खोलीत अडकलोय. फक्त शेवट कळला नाही. पण कळायलाच हवा असं नाही ना?”

“अगदी बरोबर,” धाकटा म्हणाला.

मग बँकेत काम करणाऱ्या एक बाई उठल्या, तसं त्यांनी स्वतःच सांगितलं. “मला त्या मुलीचा इतका राग आला! स्वतःच्या बापाला कोंडून सँडल घ्यायला जाते? अशा बायका असतात, नाही असं नाही. माझ्या नात्यातच एक आहे. वरून सगळं करतात, पण मनातून कधी सुटका होतेय याची वाट बघत असतात. तो मुलगा आला तेव्हा मला रडू आवरेना. देव सगळीकडं पुरा पडत नाही, म्हणून असा एखादा मुलगा देतो.”

त्यांच्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसत मान हलवली. कुणीतरी म्हणालं, “त्या मुलीचं काम करणारीनं कमाल केली. बघताक्षणी मनातून उतरते.”

ताईनं हात वर केला. आपण तो कधी वर केला हे तिला कळलं नाही. माईक रांगेतून सरकत तिच्यापर्यंत आला. धाकट्यानं तिला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं.

“मला सिनेमातलं काही कळत नाही,” ताई म्हणाली. माईकमधून स्वतःचा आवाज ऐकून ती क्षणभर अडखळली. “पण मला तो मुलगा पटला नाही.”

“का बरं?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

“सहा वर्षं जो जवळ नव्हता, तो एकदम येऊन नखं कापायला बसत नाही. आजारी माणसाचं नख कसं धरायचं हेही त्याला माहीत नसतं. पायाची नखं जाड होतात, आधी पाण्यात भिजवावी लागतात. त्यानं तशीच कापली. रक्त आलं असतं.”

सभागृहात चुळबुळ झाली. चौकडीच्या शर्टातले गृहस्थ मागं वळून म्हणाले, “बाई, सिनेमा आहे तो!”

धाकट्यानं माईक तोंडाजवळ नेला. तो तिच्याकडं बघत नव्हता. तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडं बघत होता.

“प्रश्न चांगला आहे,” तो हळू म्हणाला. “पण खरं सांगू? पटण्या-न पटण्याचा हा प्रश्नच नाही. ही माझ्या वडिलांची गोष्ट आहे. तो मुलगा मी आहे.”

टाळ्या सुरू झाल्या. बँकेतल्या बाई उभ्या राहिल्या, त्यांचं बघून बाकीचे उठले. ताईच्या आजूबाजूचे सगळे उभे होते. ती एकटी बसलेली होती, माईक हातात धरून. शेवटी शेजारच्या माणसानं तो तिच्या हातातून काढून घेतला.

खाली वाचनालयाच्या कँटीनमध्ये धाकटा तिला गाठून एका कोपऱ्यातल्या टेबलाशी घेऊन गेला. चहा आला.

“सगळ्यांसमोर तसं बोलायची काय गरज होती?” तो म्हणाला.

“मी काय खोटं बोलले?”

“खोटं नाही गं. पण घरातली धुणी...”

“घरातली धुणी?” ताईला हसूच आलं. “चार देशांत वाळत घालून आलास की!”

त्यानं कप बाजूला सारला. मग टेबलावर पुढं झुकून म्हणाला, “मला यायचं होतं, ताई. रोज वाटायचं यावं. मी आलो असतो तर काय केलं असतं, ते मी दाखवलंय. ते माझ्या आतलं खरं आहे.”

“मग माझ्या आतलं का नाही दाखवलंस? मी बसथांब्यावर बसले होते. सँडल कुठून आणल्यास?”

“बसथांब्यावर बसलेली बाई लोकांना कळत नाही,” तो म्हणाला, आणि हे तो प्रामाणिकपणे सांगत होता. “काही घडतच नाही त्यात. अडीच तास ती नुसती बसलीय, हे दाखवायचं कसं?”

“फाटक दीड तास दाखवलंस ना?”

तेवढ्यात बँकेतल्या बाई टेबलाशी आल्या, त्याचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “तुमच्यासारखा मुलगा घरोघरी जन्मावा.” आणि ताईकडं पाहून थोड्या कोरड्या आवाजात, “तुम्ही मघाच्या, नाही का?” धाकट्यानं हात सोडवले नाहीत आणि ओळखही करून दिली नाही. तसं ताईनंच सांगितलं होतं म्हणा.

ती चहा तसाच टाकून उठली.

दोन महिन्यांनी सिनेमा घरबसल्या बघायला मिळू लागला. सिनेमाच्या खाली लोक मतं लिहीत होते. दुपारच्या सुट्टीत, मागच्या खोलीत, ताई ती वाचू लागली. एक झालं की दुसरं, सोडवतच नव्हतं. ‘दोन तास फुकट गेले.’ ‘झोप न येणाऱ्यांनी अवश्य पाहावा.’ ‘मुलगा म्हणजे सोनं, मुलगी म्हणजे कोळसा.’ ‘बायकांना पगार मिळायला लागला की असं होतं.’ ‘छायाचित्रण छान, पण गाणं एकही नाही.’ एकानं लिहिलं होतं: ‘आख्ख्या सिनेमात काम तीच करते. दोन तास बाहेर जाऊ द्या की तिला.’ ताईनं ते चार वेळा वाचलं. त्याच्या खाली लगेच कुणीतरी उत्तर दिलं होतं: ‘तुमच्या आईवडिलांची कीव येते.’ दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पहिल्यानं आपलं मत काढून टाकलं होतं.

मालकांनीही सिनेमा पाहिला. या वेळी त्यांनी गूढ अर्थ विचारला नाही. चिठ्ठी आणून ठेवायचे आणि तिच्याकडं न बघता जायचे. चार दिवस असं गेल्यावर, जाता जाता दारातच थांबून म्हणाले, “ताई, माणसाच्या हातून होतं एखाद्या वेळी. मनाला लावून घेऊ नका.” ताईनं चाक बंद केलं. खरं काय ते सांगावं, असं ओठांवर आलं. पण खरं सांगायचं तर कुलूप खरंच होतं. कुलूप लावलं होतं, सँडल नव्हत्या, भाऊ आला नव्हता: कुणाला एवढ्या बारकाईनं ऐकायची सवड असते? तिनं पुन्हा चाक सुरू केलं.

तिला एकच माणूस साक्षीदार होतं. त्या शनिवारी ती समोरच्या काकूंकडं गेली. काकूंच्या सुनेनं त्यांना तो सिनेमा लावून दिला होता. काकूंनी तो दोनदा पाहिला होता.

“तुझे बाबा अगदी हुबेहूब गं,” काकू म्हणाल्या. “आणि मला घेतलंच नाही त्यात. उचलायला तर मीच यायचे.”

“हो ना, काकू.” ताईला एकदम मोकळं वाटलं. ती खुर्ची ओढून जवळ बसली. “आणि धाकट्याचं बघितलंत? आला होता का तो?”

“शेवटी आला म्हणून बरं झालं,” काकू म्हणाल्या. “नाहीतर जन्मभर मनाला खात राहिलं असतं पोराच्या. केवढा भिजला होता! मी दारातच उभी होते, जिना चढताना पाहिलं त्याला, खांद्यावर बॅग होती.”

“काकू, तो नंतर आला. बाबांना पोचवल्यावर. तुम्ही आणि मी, आपण दोघींनीच त्यांचे कपडे बदलले होते त्या सकाळी.”

काकूंनी तिच्याकडं मायेनं पाहिलं आणि तिच्या पाठीवर हात फिरवला.

“तू तेव्हा थकली होतीस, बाळा. तुझं कुठं लक्ष होतं? स्वयंपाकघरात होतीस ना तू.”

काकूंनी आतून सरबत मागवलं. ते येईपर्यंत धाकट्यानं बाबांची नखं किती हळुवार कापली, ते काकू सुनेला सांगत राहिल्या, आणि ताई ऐकत राहिली.